अळंबी धुवा, बटाटा आधी घाला!

बेंगळुरूत पाणी शंभर अंशांना उकळत नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचावर वसलंय, त्यामुळे इथल्या पातेल्यातलं पाणी ९७ अंशांच्या आसपासच खदखदायला लागतं आणि गॅस कितीही मोठा केला तरी त्याच्या वर चढत नाही. तीन अंश म्हणजे काही फार नव्हे, असं वाटतं खरं. पण मुंबईहून इथे बिऱ्हाड हलवलेल्या घरात हा फरक लवकरच कळतो. तिकडे ज्या वेळात बटाटा सुरीला मऊ लागायचा, त्या वेळात इथे तो आतून कच्चा राहतो. उपाय अर्थातच कुकर. वाफ कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की तापमान १२० अंशांच्या जवळ जातं आणि बटाटा मुकाट्याने शिजतो. प्रेस्टिज कुकर बनवणाऱ्या टीटीके प्रेस्टिजचा कारभारही बेंगळुरूतूनच चालतो, हे इथे सांगायलाच हवं.

हे सगळं एका पदार्थासाठी: बटाटा आणि मशरूमचा झणझणीत, दाट, पोटभर रस्सा. मटणाच्या रश्श्यात बटाट्याच्या मोठ्या फोडी सोडायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, आणि अनेकांचा जीव मटणापेक्षा त्या बटाट्यावर असतो. त्याच रश्श्यातून मटण वजा करून अळंबी घातली तर तो रस्सा दुय्यम ठरत नाही, असं माझं ठाम मत आहे. अट एकच, अळंबीला दुधी-दोडक्यासारखं वागवायचं नाही. ती वेगळ्याच घराण्यातली आहे.

ना भाजी, ना मांस

किती वेगळ्या? जीवशास्त्राच्या वंशावळीत बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. बटाटा आपली शिदोरी स्टार्चच्या रूपात साठवतो. अळंबी ती साठवते ग्लायकोजेनच्या रूपात, म्हणजे आपलं यकृत साठवतं तशी. तिच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात. कोळंबीचं आणि खेकड्याचं कवच ज्याचं बनतं, तेच हे कायटिन. स्वयंपाकाच्या दृष्टीने ही फार कामाची गोष्ट आहे, कारण कायटिन उष्णतेला दाद देत नाही. मशरूम पाच मिनिटं शिजवा नाहीतर चाळीस, तिचा लगदा होत नाही, दाताखाली चावण्यासारखं काहीतरी उरतंच. बटाटा मात्र दहा मिनिटं जास्त राहिला की रश्श्यात विरघळतो.

आणि बटाटा हे मूळ नव्हे, खोड आहे. त्याच्यावरचे डोळे म्हणजे खोडावरच्या कळ्या. हिरवट पडलेल्या बटाट्यात मात्र सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असू शकतं आणि ते उकळून जात नाही. हिरवा भाग जाड कापून टाकायचा, बटाटा फारच हिरवा असेल तर तो अख्खाच टाकायचा.

धर्मशास्त्राने या दोघांना फार वेगळं वागवलं. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांद्याच्या जोडीने अळंबीही वर्ज्य ठरवली आहे. जैन घरांत अळंबी आणि बटाटा दोन्ही चालत नाहीत. मराठी घरात मात्र बटाटा थेट उपवासाच्या ताटात जाऊन बसला. साबुदाण्याच्या खिचडीकडे एकदा या नजरेने बघा: साबुदाणा ज्या कंदाचा बनतो तो कंद, शेंगदाणा, मिरची आणि बटाटा, चौघेही मूळचे अमेरिका खंडातले. एकादशीला आपण अमेरिका खंडाच्या शेतातलं जेवतो आणि तेही पूर्ण श्रद्धेने.

अळंबी नको म्हणणाऱ्या घरांसाठी एक बातमी. गोड्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे लायकेन, बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. पिढ्यान्‌पिढ्या आमटीला जो धुरकट, मातकट वास येतोय, तो एका बुरशीच्या संसाराचा आहे. डोशाच्या पिठात जिवाणूंच्या बरोबरीने यीस्टही कामाला लागलेलं असतं, आणि यीस्ट ही सुद्धा बुरशीच. म्हणजे बुरशी आपल्या स्वयंपाकघरात आधीपासूनच मानाने नांदते आहे. मशरूम फक्त तिचं डोळ्यांना दिसणारं रूप.

बी जालंधरचं, माती हासनची

बेंगळुरूच्या बाजारात कर्नाटकातल्याच हासनचा बटाटा येतो. उत्तर भारतात बटाटा हे थंडीचं पीक. हासनकडे तो पावसाळ्याच्या तोंडावर लावतात आणि पावसावर वाढवतात. महाराष्ट्रातही हाच प्रकार पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर चालतो, खरिपाचा बटाटा म्हणून ते पठार प्रसिद्ध आहे. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांचं बियाणं बव्हंशी एकाच ठिकाणाहून येतं, पंजाबातल्या जालंधर भागातून. हासनपर्यंत ते दोन हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करतं. कारण मोठं शास्त्रशुद्ध आहे. बटाट्यात विषाणू पसरवतो तो मावा, आणि पंजाबच्या मैदानात हिवाळ्याच्या सुरुवातीला मावा फार कमी असतो. त्या काळात वाढवलेलं बियाणं निरोगी निघतं. हासनला वर्षानुवर्षं लावली जाणारी कुफ्री ज्योती ही जात १९६८ सालची. कुफ्री हे सिमल्याजवळचं गाव, बटाट्याचं संकरण तिथे होतं.

या शेतकऱ्यांचा खरा वैरी करपा. ढगाळ, ओलसर हवा पडली की काही दिवसांत हिरवं शेत काळं पडतं. १८४५ पासून आयर्लंडमध्ये जो भीषण दुष्काळ पडला, त्यामागे हाच रोग होता. बाजारात बटाटा अचानक महागला की आपण कुरकुर करतो. त्या आठवड्यात हासनला कसं आभाळ होतं, हेही विचारून बघावं.

चीनच्या खालोखाल जगात सर्वाधिक बटाटा भारत पिकवतो. मूळचा तो अँडीज पर्वतातला, टिटिकाका सरोवराच्या परिसरात माणसाने काही हजार वर्षांपूर्वी त्याला माणसाळवलं. १९९५ साली कोलंबिया अंतराळयानात बटाट्याचे छोटे कंद वाढवले गेले, म्हणून अंतराळात पिकलेली पहिली भाजी हा मान त्याला मिळतो. बेंगळुरूत त्याचा दरबार अर्थात डोशात. एमटीआर १९२४ चं, गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन १९४३ चं, आणि दोन्हीकडे लोक रांग लावतात ती ज्या मसाला डोशासाठी, त्याच्या पोटात आलूगड्डे पल्या, म्हणजे आपली बटाट्याची पिवळी भाजी.

वारुळातले शेतकरी

माणसाने शेती सुरू केली त्याच्या सुमारे तीन कोटी वर्षं आधी वाळवीने अळंबीची शेती सुरू केली होती. वारुळाच्या आत वाळवी पालापाचोळ्याचे मळे करते, त्यावर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढवते आणि तिच्यावर जगते. पावसाळ्यात त्याच बुरशीच्या छत्र्या वारुळातून वर येतात. गोव्यात त्यांना रोयण ओळमी म्हणतात. पानांत बांधलेल्या त्यांच्या जुड्या रस्त्याकडेला विकायला आल्या की गाड्या थांबतात. चवीच्या बाबतीत बटण मशरूमने रोयण ओळमीसमोर मान खाली घालावी. पण ही शेती माणसाला अजून नीट साधलेली नाही, त्यामुळे मिळेल तेव्हाच खायची आणि वारूळ ओरबाडायचं नाही. याच कुळातली आफ्रिकेतली एक जात छत्रीचा घेर जवळजवळ मीटरभर होईपर्यंत वाढते.

बेंगळुरूचा इथे थेट संबंध येतो. भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी या शेतकरी वाळवीचा बारकाईने अभ्यास केलाय. त्यांना दिसलं ते असं: मळ्यात पिकाऐवजी तणासारखी भलतीच बुरशी उगवली तर वाळवी ती वासावरून ओळखते आणि मातीखाली गाडून टाकते. खुरपणी! डोळे नसलेले कीटक अंधारात बसून ही खुरपणी करतात, हे वाचल्यापासून मी वारुळाकडे पूर्वीसारखं बघूच शकत नाही.

माणसाची शेती त्यामानाने अलीकडची. बटण मशरूम पॅरिसच्या आसपास सतराव्या शतकात लावायला लागले. ती मूळची तपकिरी. आज आपण पाकिटात बघतो तो शुभ्र पांढरा प्रकार १९२५ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात तपकिरी वाफ्यात आपसूक उगवलेला सापडला, आणि तिथून पुढे जगभर गेला. मॉलमध्ये चढ्या भावाने विकली जाणारी पोर्टोबेलो ही निराळी जात नाहीच. तीच बटण मशरूम, मोठी होऊ दिलेली, एवढंच.

बटण मशरूमला छत्री धरायला १५-१८ अंशांची थंडी लागते, म्हणून ती वातानुकूलित खोल्यांत वाढवतात. धिंगरी अळंबीला मात्र बेंगळुरूची हवा जशी आहे तशी मानवते. हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत अळंबीवर बरंच काम चालतं, तिथे अळंबीचं बियाणंही मिळतं आणि प्रशिक्षणही. गरम पाण्यात भिजवून निथळलेला भाताचा पेंढा, बियाणं, एक प्लॅस्टिकची पिशवी आणि घरातला अंधारा कोपरा, एवढ्यावर दोन-तीन आठवड्यांत पेंढा पांढऱ्या धाग्यांनी भरून जातो. मग थोडा उजेड आणि ओलावा मिळाला की पिशवीच्या छेदांतून झुपके बाहेर पडतात. हीच सात्त्विक दिसणारी धिंगरी निसर्गात मांसाहारी आहे बरं का! लाकडात तिला नत्र कमी पडतं, म्हणून ती बारीक सूत्रकृमींना बधिर करून त्यांना पचवते.

पावसानंतर हिरवळीवर उगवलेल्या पांढऱ्या छत्र्यांना मात्र हात लावायचा नाही. त्यातल्या काही पोटाचे हाल करतात, काही जीव घेतात. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, नाहीतर चांगली, ही चाचणी साफ खोटी आहे.

आता कढई

चार माणसांना मशरूमची २०० ग्रॅमची दोन पाकिटं आणि चार मध्यम बटाटे पुरतात.

मशरूम धुवायची नाहीत, फक्त पुसायची, असं ठासून सांगितलं जातं. कारण म्हणे ती पाणी पितात. मशरूममध्ये मुळातच ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. चटकन धुतल्याने त्यात पडणारी भर अगदीच किरकोळ. माती लागलेली असते, तेव्हा खुशाल धुवा, फक्त भिजत ठेवू नका आणि फडक्यावर कोरडी करा. घरी आणल्यावर ती प्लॅस्टिकमध्ये घाम धरतात, म्हणून कागदी पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवावीत. बटाट्याचं उलटं आहे. फ्रीजच्या थंडीत त्याच्या स्टार्चची साखर व्हायला लागते, चव गोडसर होते आणि तळताना तो लवकर करपतो. तो बाहेरच अंधारात बरा.

आता मुख्य काम. लोखंडी कढई चांगली तापू द्या. तेल नाही, मीठ नाही. दोन तुकडे केलेली मशरूम एका थरात पसरा, ढीग करू नका. पहिलं मिनिट काहीच होत नाही. मग तुकडे कढईला घासताना चिर्र चिर्र असा बारीक आवाज करतात, कडा ओलसर दिसू लागतात आणि बघता बघता तळाला राखाडी पाणी साचतं. इथे बरेच जण घाबरून मसाला टाकतात आणि रस्सा पाणचट होतो. थांबायचं. ते पाणी पूर्ण आटू द्यायचं. कच्ची मशरूम आतून पोकळ, स्पंजसारखी असते, तिच्यात तेल आधी घातलं तर ती सगळं शोषून बसते. पाणी निघून ती आकसली की पोकळ्या मिटतात आणि मग चमचाभर तेल पुरतं. आता तेल घाला, मीठ घाला आणि तुकड्यांच्या सपाट बाजूला खरपूस तपकिरी रंग येईपर्यंत परतू नका, नुसतं राहू द्या. कढईभर मशरूम निम्म्याहून कमी झालेली असतील. हा तोटा नाही, पाणी गेलं आणि चव मागे राहिली.

बटाट्याच्या मोठ्या फोडी, एका बटाट्याच्या चार, कुकरमध्ये हळद-मीठ आणि बुडतील एवढ्या पाण्यात एका शिट्टीपर्यंत. पाणी फेकायचं नाही, त्यात उतरलेला स्टार्च रश्श्याला दाटपणा देतो. नवा बटाटा आकार धरून राहतो, जुना फुटतो. दोन्ही मिळाले तर दोन्ही घालावेत, काही फोडी खायला आणि काही विरायला.

टोमॅटो, चिंच, आमसूल यांतलं काहीही बटाटा शिजायच्या आधी घालू नका. बटाट्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात सुटायला फार वेळ घेतं. फोडी ढणाढणा उकळूनही मध्ये टणक राहतात आणि दोष बटाट्याला जातो. बेंगळुरूच्या ९७ अंशांत तर हे फारच जाणवतं. बटाटा आधी, आंबट नंतर. आणि रस्सा खारट झाला म्हणून कच्चा बटाटा टाकायचा तो प्रसिद्ध उपाय? बटाटा निवडून मीठ शोषत नाही, तो खारट पाणी शोषतो. उरलेला रस्सा तितकाच खारट राहतो. पाणी आणि वाटण वाढवणं हाच खरा उपाय.

वाटण आपलं नेहमीचं: उभा चिरलेला कांदा काळपट होईपर्यंत भाजलेला, सुकं खोबरं, धने, तीळ, खसखस, दोन लवंगा, आलं, लसूण, कोथिंबीर. आणि दगडफूल विसरू नका, अळंबीच्या रश्श्यात त्याचा वास घरच्यासारखा मिसळतो. वाटण तेल सुटेपर्यंत परता, कांदा-लसूण मसाला घाला, मग टोमॅटो, मग बटाटे त्यांच्या पाण्यासकट, सर्वांत शेवटी मशरूम. दहा मिनिटं मंद उकळी. तर्री वर आली की झालं.

बेंगळुरूत राहून एक वेगळी वाटही धरता येते. इथल्या मिलिटरी हॉटेलांच्या, म्हणजे मांसाहारी खाणावळींच्या, परंपरेत मराठी घराण्यांचा मोठा हात आहे, जयनगरातल्या शिवाजी मिलिटरी हॉटेलच्या नावातच ते दिसतं. तिथली बिर्याणी द्रोणात, म्हणजे दोन्नेत, मिळते आणि तिचा मसाला हिरवा असतो: कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची. तोच हिरवा मसाला मशरूम आणि बटाट्याला लावून, बारीक जिरेसाळीसारख्या तांदळात घरी केला तर रविवार सार्थकी लागतो.

चव येते कुठून

१९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि मांसल, तोंडात रेंगाळणाऱ्या त्या चवीला उमामी म्हटलं. १९५७ मध्ये अकिरा कुनिनाका यांनी शिताके मशरूममधलं ग्वानिलेट हे दुसरं द्रव्य दाखवून दिलं. मजा पुढे आहे. ही दोन द्रव्यं एकत्र आली की चव नुसती बेरजेने वाढत नाही, कितीतरी पटीने वाढते. ग्लुटामेट टोमॅटोत असतं, मशरूममध्ये असतं आणि साध्या बटाट्यातही असतं. ग्वानिलेट मशरूम आणते, वाळवलेली असली तर जास्तच. आपला रस्सा मटणाशिवाय भरदार लागतो, त्यामागे ही जोडी आहे. खरपूस रंगाची चव वेगळी, प्रथिनं आणि साखर यांच्या ज्या क्रियेतून ती येते तिचं वर्णन लुई-कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केलं.

म्हणून एक युक्ती. उन्हाळ्यात थोड्या मशरूमच्या चकत्या कडकडीत वाळवून पूड करून ठेवा. रश्श्यात चमचाभर पूड पडली की फरक पहिल्या घासाला कळतो. उन्हाचा दुसरा फायदाही आहे: मशरूममधल्या अर्गोस्टेरॉलचं उन्हात ड जीवनसत्त्व होतं. ताज्या चकत्या शिजवण्यापूर्वी दुपारच्या उन्हात पंधरा मिनिटं ते तासभर ठेवल्या तरी चांगलं प्रमाण मिळतं. दिवसभर काचेच्या इमारतीत काम करणाऱ्या या शहराला त्याची गरज आहे.

प्रथिनांबद्दल मात्र खरं तेच सांगायला हवं. शंभर ग्रॅम ताज्या मशरूममध्ये प्रथिनं तीन ग्रॅमच्या आसपास असतात, मटणाच्या ती जवळपासही नाहीत. मशरूम चव भरून काढते, प्रथिनं भरून काढत नाही. ती बाजू कडधान्याने सांभाळायची, आणि इथे बेंगळुरूची थंडी मदतीला येते. डिसेंबर-जानेवारीत बाजारात अवरेकाळू, म्हणजे आपला ओला पावटा, ढिगांनी ओतलेला असतो, व्ही. व्ही. पुरम भागात तर त्याचा मेळाच भरायला लागला. दाणे भिजवून, बोटांत दाबून साल काढून टाकलेला पावटा इथे फार मानाचा. तो मूठभर बटाट्याबरोबरच कुकरला लावा, रश्श्याची गोडी आणि ताकद दोन्ही वाढतात.

सोबत ज्वारीची भाकरी उत्तम, पण इथे राहून नाचणीचा मुद्दे टाळू नये. त्याचा लहान गोळा तोडायचा, रश्श्यात बुडवायचा आणि न चावता गिळायचा, हीच इथली रीत. रस्सा दाट आणि झणझणीत असेल तरच ते जमतं, आणि हा असतो.

दुसऱ्या दिवशीसाठी थोडा रस्सा मुद्दाम राखून ठेवा. शिजलेला बटाटा रात्रभर थंड राहिला की त्यातला काही स्टार्च सहज न पचणाऱ्या रूपात बदलतो; पुन्हा गरम केला तरी त्यातला बराचसा तसाच राहतो, आणि रक्तातली साखर थोडी सावकाश चढते. सकाळी तो रस्सा मंद आचेवर पार कोरडा होईपर्यंत आटवा, बटाट्याच्या फोडी डावाने ठेचा, वर कच्चा कांदा आणि लिंबू घाला आणि तव्यावरच्या डोशात भरा.